हसण्याची जागा

“आत्या, तुझं गाणं पुन्हा गाजतंय!” भाचीनं मोबाइल पुढे धरला.

तीस वर्षांपूर्वीच्या माझ्या पॉप गाण्यावर मुली रील करत होत्या. गाण्यात मी मध्येच हसते, तिथं प्रत्येकीचा डावा कोपर दचकून मागे जात होता.

रेकॉर्डिंगच्या वेळी मला त्या जागी हसूच येईना. शेवटी कोरसमधल्या वैजूनं, माझ्या मैत्रिणीनं, डाव्या कोपराला हळूच चिमटा काढला अन् मी खुदकन हसले. ते आम्हा दोघींतच राहिलं. वैजूला जाऊनही बारा वर्षं झाली.

“ही स्टेप कुणी बसवली गं?”

“स्टेप कसली? आपोआप होतं ते. मीपण सकाळी एक रील केलं, तर काहीतरी चावलंच बघ.”

तिनं बाही वर केली. कोपराजवळ नखांच्या दोन लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या.