ओट्यावरची गोधडी

तानूबाईंचा उजवा हात लकव्याने गेला, तेव्हा लेकीच्या होणाऱ्या बाळाची गोधडी अर्धीच शिवून झाली होती. जुन्या लुगड्या-सदऱ्यांच्या तुकड्यांचं गाठोडं बघून त्यांना रडू फुटलं.

"रडतेस कशाला? मी शिवतो," त्यांचे पती हिंदुराव म्हणाले. तरुणपणी त्यांनी कुस्तीची मैदानं गाजवली होती. सुई मात्र कधी धरली नव्हती.

"आबा, निदान आत बसून शिवा. लोक हसतील," मुलगा कुजबुजला.

हे ऐकताच हिंदुराव गोधडी घेऊन थेट बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. तानूबाईंनाही शेजारी खुर्चीत बसवलं.

रस्त्याने चाललेला ज्ञानू, त्यांचा तालमीतला जुना जोडीदार, मोठ्याने हसला. "पैलवान, आता बांगड्याही भरा!"

"भरीन की! हिच्या बांगड्यांच्या हातचं खाऊनच तुला चीतपट केलं होतं. ये, बस. दोरा ओवून दे, मला दिसत नाही."

ज्ञानूचं हसू विरलं. चपला काढून तो ओट्यावर बसला आणि सुई उजेडाकडे धरून दोरा ओवू लागला.

हिंदुरावांनी पहिला टाका घातला.

"लांब पडलाय," तानूबाई अडखळत म्हणाल्या. "उसवा."

येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत पैलवानांनी तो मुकाट्याने उसवला.