शब्दाचा धनी

'अपेंडिक्स' हा शब्द मिर्लानचा.

'पाणी उकळून घ्या' हे जुळ्या बहिणींचं.

'वाचल्याशिवाय सही करणार नाही' हे बेकतेमिरचं. ते येत नव्हतं, त्यापायी त्याचा अख्खा हिवाळा फुकट गेला.

'थांबवा, उतरायचंय' हे एका मुलीचं. ती बसमधून शहराच्या पार टोकाला जाऊन पोचली होती.

गुल्चो या किरगीझ गावातल्या शाळेत, शाळा सुटल्यावर, बुरुल बाई रशियन शिकवत ती अशी. रशियाला कामाला गेलेली पोरं त्यांना फोनवर बोलून पाठवत: कुठे अडकलो, कुठला शब्द येत नव्हता. बाई ते सोप्या रशियनमध्ये उतरवून छापून आणत. जाणाऱ्यांनी गेलेल्यांचा प्रवास वाचायचा आणि त्यातून शब्द उचलायचा. वाचून झालं की शब्दाच्या धन्याचं नाव सांगायचं. मग सगळ्यांनी ओंजळ पसरून त्याच्यासाठी दुवा मागायची, जेवण झाल्यावर मागतात तशी. फुकटचा शब्द घेऊन कुणी घरी जायचं नाही, हा बाईंचा एकुलता एक नियम.

उलुकमानचा आज शेवटचा वर्ग. गुरुवारी तो निघणार होता. थोरला भाऊ तालाय ज्या शहरात होता, ते टाळून त्याने मुद्दाम दुसऱ्याच शहराचं तिकीट काढलं होतं. वडिलांच्या मयतीला तालाय आला नव्हता. विमान चुकलं, एवढंच तो फोनवर म्हणाला. का चुकलं, ते नाही. रडणं नाही. बाप गेल्यावर विमान चुकतं कसं? उलुकमानने त्याचा नंबर पुसून टाकला. आई विनवून विनवून थकली. भाऊ किती, असं कुणी विचारलं तर तो सांगे, मी एकटाच.

बाईंनी कागद त्याच्याच हातात दिला.

तो वाचू लागला. विमानतळावर एक तरुण उभा आहे. गणवेशातला अधिकारी, वयाने मोठा, त्याला विचारतो: या बॅगेत दुसऱ्याचं सामान आहे का? 'दुसऱ्याचं' हा शब्द त्या तरुणाला येत नाही. पण वडीलधाऱ्याला नाही कसं म्हणायचं? तो छातीवर हात ठेवून हो म्हणतो. कुणी तुझ्याकडे काही दिलंय का? हो. आत काय आहे ते तुला माहीत नाही? हो. पोलिसांना बोलावू? हो.

वर्ग खो खो हसला. गणवेश दिसला की हो म्हणायची खोड प्रत्येकाच्या घरात होती. मागच्या बाकावरून चिनाराने विचारलं, आणि फासावर देऊ का असं विचारलं असतं तर?

"हो म्हणून वर सलामही केला असता," उलुकमान म्हणाला. "असल्या मेंढराला एकट्याने सोडलंच कुणी?"

हसू ओसरलं तसा तो पुढे वाचू लागला. बॅग उसवून तपासली. काही निघालं नाही. तोवर विमान गेलं होतं आणि पुढचं परवा होतं. तरुण बाहेर आला. मोटारी उभ्या करायच्या जागेत बर्फाचा ढीग होता. त्याने बॅगेचा पट्टा सोडवून कमरेला आवळला. तिथेच पडलेलं फावडं काठीसारखं धरलं. वाकला, गावाकडे तोंड केलं, आणि बाप गेल्यावर थोरल्या मुलाने त्याच्या दाराशी कमर बांधून, काठीवर वाकून करायचा असतो तसा मोठ्याने आक्रोश केला. माझ्या पाठ टेकायच्या डोंगरा. डाव्या हाताने नाल ठोकणाऱ्या माझ्या बाबा.

उलुकमान थांबला.

अख्ख्या खोऱ्यात डाव्या हाताने घोड्यांना नाल ठोकणारा माणूस एकच होता.

आता कुणी हसत नव्हतं. बाईंनी कागद घ्यायला हात पुढे केला, तो त्याने दिला नाही. शेवटची ओळ राहिली होती. ती त्याने अडखळत वाचली. 'पहारेकरी आला, त्याने काहीतरी विचारलं, आणि मी पुन्हा हो म्हणालो.'

बाई वर्गाकडे वळल्या. आजच्या धन्याने नाव सांगू नका असं कळवलंय, त्या म्हणाल्या. तुमच्यातलं कुणी उद्या तिथे उभं राहिलं तर त्याला 'दुसऱ्याचं' हा एक शब्द यायला हवा, बाकी काही नको, एवढंच त्याचं म्हणणं. तेव्हा आज बिननावाची दुवा.

ओंजळी वर झाल्या.

"नाव आहे, बाई," उलुकमान म्हणाला. "तालाय. माझा दादा आहे तो."

मग तूच माग, बाई म्हणाल्या.

दुवा मागायचं काम वर्गातल्या मोठ्यांचं असे. उलुकमानने कधी मागितली नव्हती. त्याने मागितली ती वेडीवाकडी, अर्धी रशियन, अर्धी किरगीझ: शब्द देणाऱ्याची वाट मोकळी असो, त्याच्या अंगावर गरम कपडा असो, त्याला विचारणारा माणूस भला असो. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. त्याचे हात तोंडावरून लवकर खाली आले नाहीत.

वर्ग पांगू लागला तेव्हा तो बाईंपाशी गेला. त्याला दादाचा नंबर हवा होता.

चिनारा दप्तर भरता भरता ऐकत होती. तिने हळूच विचारलं, "कुणाचा, त्या मेंढराचा?"

"हो," उलुकमान म्हणाला, आणि बाई सांगतील तो एकेक आकडा फोनमध्ये घालत गेला.

वडिलांना माती दिली त्या सकाळी, मयताच्या लोकरी तंबूबाहेर थोरल्या मुलाच्या जागेवर उभं राहायला काका पुढे सरकले, तेव्हा उलुकमानने हातातली काठी आडवी धरली होती. ती जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली.