उकडलेला डबा

पॉलिशचं यंत्र बंद करून काकांनी हात पुसले, खिशातून एक पाकीट काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं. ती मेणात दात बसवत होती. कवळीचे वरचे सहा बसले होते, सातवा चिमट्यात होता.

"हे काय, काका?"

"डॉक्टर बदल," काका म्हणाले. "पाच महिने झाले, तुझं पोट काही ताळ्यावर येत नाही. एखाद्या मोठ्या डॉक्टरला दाखव. आम्ही तिघांनी मिळून थोडे जमवलेत. नाही म्हणायचं नाही."

मागे साचे ओतणारा प्लास्टरवाला आणि हिशेबाच्या बाई अवघडून उभे होते. कवळ्या बनवणाऱ्या त्या दोन खोल्यांत मिळून एवढी चारच माणसं. तिच्या चिमट्यातला दात निसटून खाली पडला.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी चौघांनी कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवायचं आणि कोणी काहीही खाल्लं तरी बिलाचे चार सारखे भाग करायचे, ही इथली जुनी रीत. त्या जेवणांनी, याच्या-त्याच्या वाढदिवसांनी, मैत्रिणींना दिलेल्या भेटींनी तिच्या कार्डावर इतकं कर्ज चढलं होतं, की आता अर्धा पगार हप्त्यात जात होता. हे सांगायची तिला लाज वाटली, म्हणून तिनं पोटाच्या दुखण्याचं निमित्त पुढे केलं. डॉक्टरांनी बाहेरचं खाणं बंद केलंय, असं सांगून बसली आणि ते निभावायला रोज दुपारी सगळ्यांसमोर उकडलेले बटाटे नि गाजरं गिळू लागली. त्यानं वाळली, तशी थाप आणखीच खरी दिसू लागली.

पाकीट जाड होतं. एक हप्ता सहज निघाला असता. नुसतं 'बरं' म्हणायचं होतं. पण बसचे पैसे वाचवायला प्लास्टरवाला रोज चालत घरी जातो, हे तिला ठाऊक होतं. त्याचे पैसे घेऊन आपलं भगदाड बुजवायचं तिच्या जिवावर आलं.

"माझ्या पोटाला काहीही झालेलं नाही," ती म्हणाली. आणि मग मान खाली घालून तिनं सगळं सांगून टाकलं.

ही तीन माणसं आता आपल्याला पूर्वीसारखं आपलं म्हणणार नाहीत, असं तिला वाटलं. तिनं वर पाहिलं, तर काकांचा चेहरा लालबुंद झालेला.

"अगं बये, तुझं दुखणं मी घरी जाऊन सांगितलं! म्हटलं, बिचारी पोरगी. तेव्हापासून बायको माझाही डबा उकडून देतेय. म्हणे, तिला या वयात झालं, तुम्ही तर साठीला आलात! पाच महिने गाजरं खातोय मी!"

आधी बाईंना हसू फुटलं. प्लास्टरवाला तर भिंतीला टेकून खाली बसला. काकांनी थोडा वेळ डोळे वटारून पाहिलं, पण त्यांनाही ते फार वेळ जमलं नाही.

तिनं डोळे पुसले आणि पाकीट पुढे सरकवलं. "हे परत घ्या."

"तीन सारखे भाग करते," बाई म्हणाल्या.

"नको," प्लास्टरवाला घाईनं म्हणाला. मग जरा ओशाळला. "म्हणजे, मी कमी टाकलेत. सारखे भाग केलेत तर माझा फायदा होईल. हॉटेलात सारखे भाग होतात, तिथे माझा तोटा होतो, ते वेगळं."

"मग आजवर बोलला का नाहीस?" काकांनी विचारलं.

"तुम्ही सगळे एवढे खुशीत असता. कुठे विरजण घालायचं?"

"मी बोलते," ती म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटलं. "यापुढे मी येईन, पण खाईन तेवढ्याचेच देईन. एखाद्या महिन्यात नुसता चहा घेईन. चालेल?"

"न चालायला काय झालं?" बाई म्हणाल्या. प्लास्टरवाल्यानं तर हातच जोडले.

राहिला प्रश्न पाकिटाचा. किती कोणाचे, ते कोणी लिहून ठेवलं नव्हतं आणि सांगायला कोणी राजी नव्हतं. शेवटी काकांनी पाकीट आतल्या खोलीत भट्टीशेजारी नेऊन ठेवलं. एकेकानं जायचं, आपले काढायचे, यायचं. मोजायचं नाही, विचारायचं नाही.

आधी काका जाऊन आले. मग बाई. प्लास्टरवाला शेवटी गेला आणि बराच वेळ आलाच नाही. आला तो डोकं खाजवत, पाकीट हातात घेऊन.

"मी माझे काढले," तो म्हणाला. "तरी हे जाडच. तुम्ही दोघांनी आत जाऊन नक्की केलंत काय?"

काका छताकडे बघू लागले. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला.

"मग म्हटलं, मी एकटाच कशाला वाईट ठरू? एक नोट पुन्हा आत ठेवली."

त्यानं पाकीट तिच्या हातात दिलं. तिला रडू येत होतं आणि हसूही. तिनं ते तसंच बाईंच्या पिशवीत टाकलं, अर्धी कवळी झाकून ठेवली आणि खुर्चीवरची ओढणी उचलली.

"आज यातूनच जेवायचं," ती म्हणाली. "चला लवकर, मला कडकडून भूक लागलीय."