सरकणारं ताट

खडेबाजारात मारुतीरावांचं सेल्फ सर्व्हिसचं हॉटेल होतं. गिऱ्हाइकं रांगेत ताटं सरकवत यायची, ते पलीकडून वाढायचे. ब्याऐंशी साली समोर पंजाबी हॉटेल निघालं आणि बसल्या जागी मागवायची चटक लागलेलं गिऱ्हाईक तिकडं वळलं.

कायमचं कुलूप लावायच्या दुपारी ते भांडी झाकत होते. पाठीमागं ताट सरकल्याचा आवाज झाला. ते वळले. ताट होतं, माणूस नव्हता.

"अगं, कोण आलतं काय?"

"आता कोण यायला बसलंय?" आतून बायको, मालुबाई, म्हणाली.

सवयीनं त्यांनी भात वाढला. ताट आपोआप आमटीपाशी सरकलं. त्यांनी आमटीवरचं झाकण हळूच उचललं.

मालुबाई बाहेर आली. रिकाम्या हॉलकडं बघून म्हणाली, "अवो, हात चालवा की! रांग पार रस्त्यापातूर गेलीया."