कुलपातले हातमोजे

सांगलीजवळच्या सूत रंगवायच्या कारखान्यात हरणाबाई पिंपातलं ॲसिड बादलीत काढून द्यायची. त्याचा थेंब कातडी सोलायचा. दोन वर्षांत तिच्या बोटांवर धड कातडी उरली नव्हती. जाड रबरी हातमोजे मात्र सुपरवायझर ऋषिराजच्या कपाटात कुलूपबंद असायचे. तपासणीच्या दिवशी ते बाहेर निघायचे आणि अधिकाऱ्यांची गाडी फाटकाबाहेर पडली की परत आत जायचे.

तिनं मागितले की ऋषिराज हसायचा. "दोन-चार थेंबांनी काय हुतंय, मावशी? मोजे खराब झाले तर तपासणीला काय दाखवू?"

आजची तपासणी झाली, गाडी गेली. ऋषिराजनं सवयीनं हात पुढं केला. "काढा मोजे."

हरणाबाईनं मोजे घातलेले दोन्ही हात सावकाश बादलीतल्या ॲसिडमध्ये मनगटापर्यंत बुडवले आणि बादलीवरच निथळत धरले. ऋषिराजचा हात आपसूक मागं गेला.

 

"घ्या की सायेब, तुमच्या हातानं काढून. दोन-चार थेंबांनी काय हुतंय?"