भुयारातली सायकलवाली

“आज पुन्हा आली ती सायकलवाली,” पाटावर बसता बसता सासरे म्हणाले. “भुयारातून अशी सुसाट, जसा काही बापाचाच रस्ता!”

सुनेने त्यांचं ताट पुढे सरकवलं. ती सायकलवाली म्हणजे तीच होती.

हॉस्पिटलच्या धुलाईघरात दिवसभर ओल्या चादरी उपसून संध्याकाळी तिच्या अंगात त्राण उरत नसे. घरच्या वाटेवर ते मोठं सर्कल होतं. चहूकडून बस, ट्रक, टेम्पो एकमेकांवर डाफरत तिथे शिरत. सायकल कुणाच्या खिजगणतीतही नसे. म्हणून ती पायी जाणाऱ्यांच्या भुयारी मार्गात घुसे. ‘सायकलवरून उतरून चालावे’ अशी पाटी तिथे होती. ती उतरत नसे. एकदा उतरलं की पुन्हा सायकलवर चढायला जीव कुठून आणायचा? उतारावरून खाली, त्याच वेगात पलीकडे वर, की सुटलो.

डॉक्टरांनी फिरायला सांगितल्यापासून सासरे रोज संध्याकाळी त्याच भुयारातल्या कट्ट्यावर जाऊन बसत. हे यांचं फिरणं! त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात तिथले निम्मे दिवे गेलेले. आपल्याला ते ओळखत नाहीत, एवढाच तिला आधार होता.

पहिली तक्रार घंटीची होती. “वळणावर घंटी तरी वाजवावी माणसाने.” दुसऱ्या दिवसापासून ती वाजवू लागली. मग म्हणाले, “सायकलला दिवा नाही. भुतासारखी अंगावर येते.” तिने गुपचूप दिवा बसवून घेतला. मग म्हणाले, “पाणी साचलंय तिथे, तरी ब्रेक लावायचं नाव नाही.” ती ब्रेक लावू लागली. पण सासऱ्यांचं समाधान होईल तर शपथ. जन्मभर त्याच सर्कलवरून बस चालवलेला माणूस. रस्त्यावरच्या प्रत्येकाला नावं ठेवायची खोड निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

“एक दिवस एखाद्या म्हाताऱ्याला उडवेल,” ते म्हणाले, “मग डोळे उघडतील.”

“मग द्या ना एकदाची पकडून!” नवरा वैतागला. “रोज जेवताना काय तिचं पुराण?”

तिने हातातला घास ताटात ठेवला. उडवलंच आपण, तर तो म्हातारा कोण असेल? कट्ट्यावर तर हेच बसलेले असतात. तिला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती भुयाराकडे वळलीच नाही. सरळ सर्कलमध्ये शिरली. एक ट्रक कानाशी कर्कश हॉर्न देऊन गेला. पाठोपाठ एक बस डावीकडे इतकी दाबत आली की तिचं हँडल बसच्या पत्र्याला घासलं. पाय टेकायला जागा नव्हती. ती कशी बाहेर पडली, ते तिलाच कळलं नाही.

गल्लीत तिच्या सायकलच्या मडगार्डाचा खडखडाट ऐकून नवऱ्याने नेहमीसारखा चहा ठेवला. ती पायरीवरच बसली. कप तिने तसाच बाजूला ठेवला.

“बाबा कुठे राहिले?” नवरा म्हणाला. “एरवी तुझ्या मागोमाग टपकतात.”

चहा निवला. अंधार पडला. नवरा चपला घालून शोधायला निघणार, तेवढ्यात सासरे दारात आले. शर्ट घामाने चिकटलेला, पाय धुळीने माखलेले, छाती भात्यासारखी हलत होती. आत यायच्या आधी त्यांनी भिंतीला टेकवलेली सायकल चाचपून पाहिली. मग दारातच खाली बसले.

“होतात कुठे बाबा?”

“आज ती सायकलवाली आली नाही.”

“मग चांगलंच झालं की! पीडा टळली एकदाची.”

सासऱ्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

“बराच वेळ वाट पाहिली. घंटी नाही, काही नाही. मग वर गेलो. सर्कलभोवती चकरा मारल्या, कुठे कोणी पडलंय का बघत. मला नीट दिसत नाही, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होतो.” त्यांना दम लागला. “बसच्या कडेला आलेली सायकल ड्रायव्हरला दिसत नाही रे. मी चालवलीय तिथे बस.”

नवऱ्याला काही उमगेना. तो एकदा वडिलांकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला. ती उठली आणि पाण्याचा तांब्या घेऊन सासऱ्यांपुढे आली.

तांब्या घेताना त्यांनी मान वर केली.

“उद्यापासून मी एक शब्द बोलणार नाही,” ते म्हणाले. “पण तू खालूनच ये.”