तिसऱ्या रांगेतला रसिक

"नव्या हंगामात स्टेजवर कोणी एक शब्दही बोलणार नाही," दिग्दर्शकाने जाहीर केलं. "सगळी नाटकं मूक."

हॉलमध्ये शांतता पसरली. ती त्याला आवडली. दिग्दर्शक पेशाने दातांचा डॉक्टर होता. लोकांच्या तोंडात कापूस कोंबून मग त्यांचं मत विचारायचं, ही त्याची रोजची सवय. मंडळाच्या बैठकीतही त्याला तसलीच चर्चा हवी असे.

हौशी नाट्यमंडळाची बैठक अध्यक्षांच्या हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये चालली होती. हॉल अध्यक्षांचा, म्हणून नायिका कायम अध्यक्षीणबाई. साठी जवळ आली तरी त्या लग्न न ठरणाऱ्या मुलीचं काम करत. ते का ठरत नाही, हे प्रेक्षकांना पहिल्या प्रवेशातच पटे.

"म्हणजे मी नेमकं करायचं काय?" त्यांनी विचारलं.

"अस्तित्व, वहिनी. नुसतं असायचं."

"नुसतं असायला मी घरी असतेच की!"

आजवर मंडळ एकाच छापाची नाटकं करत आलं होतं. एक दिवाणखाना, एक सोफा आणि त्यावर मावेल तेवढं खानदान. सगळ्यांना काम मिळायला हवं, म्हणून आत्या, मामा, भाचे, जावई यांच्याशिवाय नाटक पुढे सरकत नसे. सगळे एकदम बोलत, दारं आपटत, कपबशा वाजवत. प्रेक्षक म्हणजे नटांचे नातेवाईक. आपलं माणूस येईपर्यंत मोबाईल बघायचा, ते आलं की टाळ्या वाजवायच्या आणि मध्यंतरात सटकायचं. दिग्दर्शकाला या नाटकांची किळस वाटे, नटांची कीव येई आणि प्रेक्षकांना तर तो खिजगणतीतही धरत नसे.

अपवाद एकच, तिसऱ्या रांगेतले काका. सर्व्हेअर म्हणून निवृत्त झालेले, मंडळात कोणाचे कोणी नाहीत. प्रत्येक प्रयोगाला तिकीट काढून येत, डोळे मिटून बसत आणि पडदा पडला तरी जागचे हलत नसत. "ते नाटक बघत नाहीत, पितात," असं दिग्दर्शक दवाखान्यातसुद्धा सांगे. पेशंट आपले "आं" म्हणत.

अध्यक्षांनी मतदान घेतलं. मूक नाटकांच्या बाजूने एकच हात वर गेला, तोही दिग्दर्शकाचा.

"तुमच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती," तो म्हणाला. "कलेचा निवाडा हात मोजून होत नसतो. म्हणून तर काकांना बोलावलंय मी. ते म्हणतील ते मला मान्य. त्यांनी नको म्हटलं, तर तुमचे ते कौटुंबिक तमाशे जन्मभर बसवीन, तोंडातून ब्र काढणार नाही."

मागच्या खुर्चीत काका इस्त्रीचा शर्ट घालून अवघडून बसले होते. सगळ्या माना तिकडे वळल्या.

"काका, सांगा यांना. इतकी वर्षं येताय तुम्ही. काय भावतं तुम्हाला? शब्दांच्या पलीकडचं काहीतरी, बरोबर ना?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "खरं सांगू का? रागावू नका हं."

"अगदी निर्धास्त बोला."

"मी झोपतो."

अध्यक्षीणबाईंना असं हसू फुटलं की हातातला चहा अंगावर सांडला. अध्यक्ष टेबलावर थापा मारू लागले. मंडळाच्या एकाही विनोदी नाटकाला त्या हॉलमध्ये इतका हशा मिळाला नव्हता. दिग्दर्शकाचं तोंड उघडंच राहिलं, आणि नेमका त्या वेळी कोणाकडे कापूस नव्हता.

"तिकीट काढून झोपता?" तो तुच्छतेने म्हणाला. "झोपायला घर नाही का तुम्हाला?"

"आहे ना. तिथे झोप लागत नाही." काका चष्म्याकडे बघत बोलत होते. "ही गेली, मुलं लांब. घर इतकं शांत असतं की फ्रिज सुरू झाला तरी दचकतो मी. आमचं घर माणसांचं हो. मी आत आडवा व्हायचो आणि बाहेरच्या खोलीत सगळ्यांची बडबड, कपबशा, कोणाचं तरी कोणाशी वाजलेलं. त्यात काय गाढ झोप लागायची! इथे तुमचं भांडण सुरू झालं, की वाटतं, सगळे आहेत घरात." मग ते घाईघाईने म्हणाले, "पण तुम्ही करा हो मूक नाटकं. कला आहे ती. माझं काय एवढं!"

हसू कुठल्या कुठे गेलं. दिग्दर्शकाला लाज वाटली. तिची सवय नसल्यामुळे ती लपवायची कशी, हेही त्याला कळेना. त्याने उगाच घसा खाकरला.

"पहिलं नाटक एकत्र कुटुंबाचं घेऊ," तो म्हणाला. "स्टेजवर मावतील तेवढी माणसं."

झालं! धाकटी मुलगी मीच, असं अध्यक्षीणबाईंनी जाहीर केलं. कोणीतरी त्यांना आत्याचं काम सुचवलं. "आत्या? मी?" म्हणत त्या उठल्याच. अध्यक्षांनी मागच्या नाटकातली उणीदुणी काढली, त्यावर मामा करणारा उखडला, खुर्च्या सरकल्या, कपबशा आदळल्या. दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला. यांच्यातल्या एकालाही धड बोलता येत नाही, हे त्याचं मत काही बदललं नव्हतं.

मग कोणाचं तरी लक्ष मागे गेलं. काकांची मान छातीवर कलली होती. चष्मा तसाच हातात होता. एकेक जण गप्प होत गेला आणि हॉल चिडीचूप झाला. काकांच्या कपाळावर आठी उमटली, पापण्या थरथरल्या.

दिग्दर्शक घाईने पुढे आला आणि दबक्या आवाजात सगळ्यांवर खेकसला, "गप्प काय बसलात? भांडा!"